कोणाच्या इतिहासात खेळायचे?



१९७७ साली अमेरिकेत ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ नावाचे एक सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात शेकडो काल्पनिक प्राण्यांची आणि भुताखेतांची जंत्री आहे. त्या जंत्रीत ‘राक्षस’ हा शब्द जसाच्या तसा आढळतो. सोबत चित्र आहे. चित्रातल्या राक्षसाचे मस्तक वाघाचे आहे, अंगात इंग्रज उमरावाने दिवाणखान्यात घालावा तसा डगला आहे आणि तो ऐटीत पाइप ओढतो आहे. त्याला मारण्याचा उपायही दिलेला आहे. युरोपीय धाटणीच्या आडव्या धनुष्यातून सुटलेला, धर्मगुरूने मंत्रून दिलेला बाण लागला की त्याचा अंत होतो. हा बाण रामायणात नाही, महाभारतात नाही, कोणत्याही पुराणात नाही. १९७४-७५ च्या सुमारास अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर ‘कोल्चॅक: द नाइट स्टॉकर’ नावाची एक भयमालिका दाखवली जात असे. तिच्या एका भागात राक्षस याच रीतीने मारला जातो आणि खेळकर्त्यांनी तो तेथूनच उचलला, असे या विषयाचे जाणकार सांगतात.

चित्र पाहून हसू येते आणि ते स्वाभाविक आहे. परंतु त्या नोंदीत हसण्याच्या पलीकडचे काही आहे. तिच्यानुसार राक्षस हा नेहमी दुष्टच असतो. मग पुलस्त्याच्या कुळातला, वेदांचे अध्ययन केलेला रावण त्यात कोठे बसवायचा? बिभीषणाचे काय करायचे? भीमाशी संसार मांडणारी हिडिंबा आणि पांडवांच्या बाजूने लढताना प्राण देणारा घटोत्कच यांना त्या जंत्रीत जागाच नाही. शब्द घेतला, अर्थ मात्र वाटेत सांडला.

हे पुस्तक ज्या खेळाचे आहे त्याचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या लहानशा गावात राहणारे गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ मध्ये तो बाजारात आणला. पहिल्या खेपेला अवघ्या एक हजार प्रती छापल्या होत्या. आज तो जगभर खेळला जातो. २०१६ पासून दाखवल्या गेलेल्या ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे आपल्याकडील शहरी तरुण मुलांनाही तो माहीत झाला आहे. अनेक घरांत मुले वीस पैलूंचे फासे घेऊन तासन् तास बसलेली दिसतात आणि हे नक्की काय चालले आहे, असा प्रश्न आईवडिलांना पडतो.

हा खेळ समजून घ्यायला कोकणातला दशावतार फार उपयोगी पडतो. दशावतारी नटांपुढे लिखित संहिता नसते. प्रयोगाआधी आख्यान कोणते, कोणाला कोणती भूमिका आणि प्रसंग कोणत्या क्रमाने येणार एवढे ठरते आणि रात्रभर नट आपापले संवाद स्वतः रचत जातात. टेबलाभोवतीच्या या भूमिका-खेळात असेच घडते. एक जण सूत्रधार असतो. तो स्थळ सांगतो, प्रसंग उभा करतो. बाकीचे चार-पाच जण एकेक पात्र होऊन बोलतात आणि निर्णय घेतात. फरक दोन आहेत. येथे शेवट आधी ठरलेला नसतो. कार्य साधले की फसले याचा निर्णय फासा करतो. आणि येथे प्रेक्षक नसतात. जे खेळतात तेच पाहतात.

अशा खेळाला एक जग लागते. ते कल्पनेने नव्याने घडवायचे किंवा इतिहासातले एखादे उचलायचे, हे दोन मार्ग आहेत. दुसरा मार्ग सोपा वाटतो, कारण नकाशे तयार असतात, राजे तयार असतात, शस्त्रे, वस्त्रे आणि देवसुद्धा तयार असतात. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या प्रकाशकांनी १९९१ ते १९९४ या काळात ऐतिहासिक संस्कृतींवर हिरव्या वेष्टनाची सात पुस्तके काढली. व्हायकिंग, शार्लमेन, केल्ट, सोळाव्या-सतराव्या शतकातील युरोप, रोम, ग्रीस आणि क्रुसेड हे त्यांचे विषय. सातांत भारत नाही. चीन नाही आणि जपानही नाही. पूर्वेकडच्या देशांसाठी १९८५ सालीच ‘ओरिएंटल अ‍ॅडव्हेंचर्स’ हे एक पुस्तक निघाले होते. त्यात जपानचे सामुराई आणि निंजा, चीनचे लढवय्ये भिक्षू आणि आणखी काही एकाच हंड्यात शिजवले होते. सात पुस्तके युरोपला आणि उरलेल्या अफाट खंडाला एक हंडा, हे प्रमाण बोलके आहे.

भारत त्याआधी दुसऱ्याच दाराने आत आला होता. १९८० साली ‘डीइटीज अँड डेमीगॉड्स’ म्हणजे देव आणि उपदेव यांचे पुस्तक निघाले. ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवमंडळांच्या रांगेत भारतीय देवमंडळही त्यात होते. इंद्र, अग्नी, यम, काली, विष्णू. प्रत्येकाच्या नावापुढे आकडे होते. बळ किती, बुद्धी किती, चिलखत किती भक्कम आणि किती घाव सोसले म्हणजे मरण येते. जो खेळाडू पुरेसा बलाढ्य होईल तो पुरेसे घाव घालून देवाला ठार करू शकेल, असा या आकड्यांचा सरळ अर्थ होतो.

त्याच पुस्तकात ख्रिस्ती धर्माचा देव नाही. बायबलमधल्या परमेश्वराला किती घाव लागतात, हे ठरवायला कोणी बसले नाही. झ्यूस आणि ओडिन यांची देवळे ओस पडून शतके लोटली. त्यांना आकडे दिले तर दुखावले जाणारे फारसे कोणी उरलेले नव्हते. विष्णूची गोष्ट तशी नाही. ज्या वर्षी ते पुस्तक छापले गेले त्या वर्षीही पंढरीची वारी निघालीच होती. संग्रहालयातली मूर्ती आणि देव्हाऱ्यातली मूर्ती यांतला भेद त्या लेखकांना दिसला नाही. त्यामागे द्वेष होता असे मानण्याचे कारण नाही. अंतर होते. त्यांच्या गावात विष्णूची पूजा करणारे शेजारी नव्हते, म्हणून विष्णू त्यांच्या लेखी झ्यूसच्या पंगतीला बसला.

यानंतरचा घटनाक्रम अधिक उद्बोधक आहे. ऐंशीच्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती गटांनी हा खेळ म्हणजे सैतानाची उपासना आहे, अशी ओरड सुरू केली. परिणामी १९८५ मध्ये त्या पुस्तकाचे नाव बदलून ‘लेजंड्स अँड लोअर’ असे सौम्य करण्यात आले. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून खेळातून ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ हे शब्दही हलवण्यात आले. घरच्या लोकांच्या भावनांसाठी शब्द बदलले, मुखपृष्ठावरचे नाव बदलले. आत इंद्र आणि विष्णू आपापल्या आकड्यांसह होते तेथेच राहिले.

येथे कोणी म्हणेल की मुळात देवाची भूमिका घेऊन खेळणे हाच अपमान आहे. तसे म्हणायला आपली परंपरा आधार देत नाही. दशावतारात विष्णू रंगभूमीवर येतो आणि संकासुरही येतो. संकासुराच्या विनोदाला लोक पोट धरून हसतात. रामलीलेत गल्लीतला पोरगा हनुमान होतो आणि म्हाताऱ्या बाया त्याच्या पाया पडतात. देवाशी खेळणे, त्याला रागावणे, त्याच्याशी भांडणे ही आपल्या संतांची रीत आहे. दशावतारातला नट आणि समोरचा प्रेक्षक एकाच श्रद्धेच्या अंगणात उभे असतात, एवढेच तेथे निराळे आहे. कोठे थांबायचे हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. बाहेरचा माणूस त्या अंगणात आला तर त्याने चपला कोठे काढायच्या हे विचारावे, एवढीच अपेक्षा असते. येऊच नये, असे नव्हे.

न्यायाने आणखी एक गोष्ट मान्य केली पाहिजे. या खेळाने युरोपचेही धड चित्र काढलेले नाही. त्यातल्या मध्ययुगीन जगात किल्ले आहेत, तलवारी आहेत, मद्यगृहे आहेत. जमिनीला बांधलेले कूळ मात्र तेथे फारसे दिसत नाही आणि चर्चला उत्पन्नाचा दशांश देताना कोणी कुरकुरत नाही. आणि तरीही ही मोडतोड जगभर गोड मानून घेतली गेली. जपानमध्ये १९८६ साली ‘कॉम्प्टिक’ नावाच्या मासिकाने काही तरुणांनी खेळलेल्या डावाचा वृत्तांत क्रमशः छापला. त्यातूनच ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ ही गाजलेली कथामाला जन्मली. तिचे सारे जग युरोपीय धर्तीचे आहे, शूर सरदार आणि टोकदार कानांची वनकन्या यांचे. जपान्यांनी आमच्या दंतकथा का घेतल्या, असे युरोपात कोणी विचारले नाही. विचारण्याची गरजही नव्हती. युरोपच्या हजार प्रतिमा जगात फिरत असतात. एक चुकली तर नऊशे नव्व्याण्णव तिला सावरतात. विस्कॉन्सिनमधल्या मुलाच्या आयुष्यात राक्षसाची प्रतिमा बहुधा एकच येते, आणि ती पाइप ओढत असते.

मग बाहेरच्याने दुसऱ्याची संस्कृती खेळासाठी घ्यावी तरी कशी? या प्रश्नाचे एक अत्यंत बुद्धिमान उत्तर अगदी सुरुवातीलाच, १९७५ मध्ये, एका माणसाने देऊन ठेवले होते. मुहम्मद अब्दुल रहमान बार्कर हे त्याचे नाव. मूळचा अमेरिकी, तरुणपणी इस्लाम स्वीकारलेला, भाषाशास्त्राचा पंडित. उर्दू शिकवण्याची पाठ्यपुस्तके त्याने सहकाऱ्यांसह सिद्ध केली आणि मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाचा अभ्यास शिकवला. त्याचा खेळ ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’. त्यातले टेकुमेल हे जग काल्पनिक आहे, परंतु त्याची घडण भारत, इजिप्त, मध्य अमेरिका यांच्या प्राचीन संस्कृतींच्या अभ्यासावर झालेली आहे. त्या जगाची भाषा त्याने व्याकरण आणि लिपीसह रचली. तेथे कुळे आहेत, मंदिरांचे कारभार आहेत, कोणी कोणाशी कोणत्या शब्दांत बोलावे याचे दंडक आहेत.

एवढे गुंतागुंतीचे जग नवख्या खेळाडूला कसे पेलावे? बार्करने युक्ती केली. खेळाडू त्या देशाचा रहिवासी नसतोच. तो एका लहान नावेतून जकाल्ला बंदरात उतरलेला परदेशी असतो. त्याला परक्यांच्या वस्तीत राहावे लागते, रीतभात ठाऊक नसते, चूक झाली तर मान जाऊ शकते. म्हणजे खेळाडूचे अज्ञान हेच पात्राचे अज्ञान ठरते. जे शिकायचे ते पाहुण्यासारखे, अदबीने, पावलापावलाने. दुसऱ्याच्या घरात शिरण्याची याहून प्रामाणिक रीत या खेळांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

पुढची गोष्ट कटू आहे. बार्कर २०१२ मध्ये वारला. त्याच्या जगाचा वारसा सांभाळणाऱ्या टेकुमेल फाउंडेशननेच २०२२ मध्ये जाहीरपणे मान्य केले की १९९१ साली टोपणनावाने प्रसिद्ध झालेली, नाझी विचारांचा गौरव करणारी ‘सर्पंट्स वॉक’ ही कादंबरी त्याचीच आहे. ज्यूंचा नरसंहार नाकारणाऱ्या एका नियतकालिकाच्या संपादक मंडळातही त्याचे नाव होते. चाळीस वर्षे त्याच्या जगात प्रेमाने खेळलेल्या लोकांना हा धक्का पचवणे जड गेले. परक्या संस्कृतींचा इतका व्यासंग केलेला माणूस एका संपूर्ण जनसमूहाचा असा द्वेष करू शकतो, ही गोष्ट मनाला चटका लावते. व्यासंग हवा, यात वाद नाही. तो असला म्हणजे अंतःकरणही विशाल असते, हे मात्र या उदाहरणानंतर कोणाला म्हणता येणार नाही.

दुसरे उत्तर वेगळ्या दिशेने आले आणि ते समजायला आपल्या मोक्षपटाची आठवण काढावी लागते. परंपरा त्या पटाचा संबंध ज्ञानदेवांशी जोडते. पटावरच्या घरांना सद्गुणांची आणि दुर्गुणांची नावे, सद्गुणाच्या घरातून शिडी, दुर्गुणाच्या घरात साप आणि शेवटी मोक्ष. अनेक जुन्या पटांत साप अधिक, शिड्या कमी. कारण चढणे कठीण आणि घसरणे सोपे. खेळणाऱ्याला कोणी कीर्तन ऐकवत नाही. सापाने गिळले की त्याला कळते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा पट इंग्लंडला गेला. आधी घरांवरचे गुणावगुण तिकडच्या पद्धतीचे झाले, मग शिड्या-सापांची संख्या बरोबरीला आली आणि शेवटी घरांवर नुसते आकडे उरले. तोच पट पुठ्ठ्यावर छापून आपल्याकडे ‘सापशिडी’ म्हणून परत आला आणि आपण तो मुलांना वाढदिवसाला देतो. संस्कृती चित्रात नव्हती, नियमात होती. नियम बदलले तेव्हा ती गेली.

हे मर्म ग्रेग स्टॅफर्ड या अमेरिकी खेळकर्त्याला उमगले होते. १९८५ साली त्याने राजा आर्थरच्या दंतकथांवर ‘पेंड्रॅगन’ हा खेळ रचला. त्यात पात्राच्या स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत. शौर्य आणि भित्रेपणा, दया आणि क्रौर्य, उदारता आणि स्वार्थ, अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. एक बाजू वाढली की दुसरी घटते. मोहाचा प्रसंग आला की खेळाडूला स्वतःच्या स्वभावावर फासा टाकावा लागतो आणि कधी कधी मनात नसतानाही पात्र घसरते. ख्रिस्ती सरदाराने जोपासायचे गुण निराळे आणि जुन्या दैवतांना मानणाऱ्याचे निराळे. दोघांनाही आपापल्या वाटेने मान आहे. साधारणपणे वर्षाला एक साहस होते. मग हिवाळा येतो. त्यात शेतीचे उत्पन्न, लग्न, मुलांचा जन्म, वाढते वय यांचा हिशेब मांडायचा. पात्र म्हातारे होते, मरते आणि खेळाडू त्याच्या मुलाची भूमिका घेऊन पुढे जातो. स्टॅफर्डने पुढे रचलेल्या विस्तृत कथानकात इसवी सन ४८५ पासूनची सुमारे ऐंशी वर्षे येतात. आणि एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे खेळाडू आर्थर होत नाहीत. आर्थर दूर सिंहासनावर असतो. खेळाडू त्याचे सरदार असतात. पूज्य पुरुषाला फाशाच्या हवाली न करण्याचे हे साधे तारतम्य विष्णूला आकडे देणाऱ्यांना १९८० मध्ये सुचले नव्हते.

अलीकडे वारे पालटले आहे. २०२० पासून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या मालकांनी आपल्या जुन्या पुस्तकांवर, त्यांत आजच्या मूल्यांशी विसंगत चित्रणे असू शकतात, अशी सूचना लावली. २०२१ मध्ये चेरोकी राष्ट्राचा नागरिक असलेल्या कॉनर अलेक्झांडर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी ‘कोयोटी अँड क्रो’ या खेळासाठी लोकवर्गणी मागितली. दहा लाख डॉलरहून अधिक रक्कम जमली. युरोपीय लोकांची सत्ता अमेरिकेवर कधी आलीच नाही तर तो देश आज कसा असता, ही त्याची कल्पना. त्या पुस्तकात मूळ रहिवासी खेळाडूंना आणि इतरांना वेगवेगळ्या सूचना आहेत. घरच्यांनी आपल्या जमातीच्या चालीरीती खेळात जरूर आणाव्यात. बाहेरच्यांनी मात्र प्रत्यक्षातल्या जमातींची नावे घेऊन सोंग आणू नये, पुस्तकातल्या कल्पित जगातच राहावे. २०२२ मध्ये ‘जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल’ या संग्रहात मिमी मोंडल या बंगाली लेखिकेने शंखभूमी नावाचा, बंगालच्या नद्या आणि दंतकथा यांवर बेतलेला प्रदेश उभा केला. वाघाच्या मस्तकाच्या त्या राक्षसापासून शंखभूमीपर्यंत यायला पंचेचाळीस वर्षे लागली.

घरचा माणूस लिहील ते खरेच असेल, असे मानण्याचे मात्र कारण नाही. आपल्याकडच्या कित्येक ऐतिहासिक मालिका आणि चित्रपट घरच्यांनीच काढलेले आहेत. त्यांत जिरेटोप आहे, तुतारी आहे, पल्लेदार संवाद आहेत. सतराव्या शतकातला माणूस रात्री कशाच्या काळजीने जागा राहत असे, हे त्यांत क्वचितच दिसते. भूमिका-खेळ असा रचला तर तो रसिकांनी टाळ्या वाजवण्यापुरता राहील. कारण येथे टाळ्या वाजवायला प्रेक्षकच नाहीत. खेळाडूला निर्णय घ्यावा लागतो आणि ज्याचे उत्तर आधीच ठरलेले आहे त्या निर्णयात खेळ नसतो.

समजा, मराठी मुलांसाठी शिवकाळावर असा खेळ रचायचा आहे. कोठून आरंभ करावा? प्रतापगडाचा प्रसंग सर्वांना आधी सुचेल. १० नोव्हेंबर १६५९, शामियाना, वाघनखे. परंतु तो प्रसंग महाराजांचा आहे आणि तेथे खेळाडूला करण्यासारखे काही उरत नाही. त्याच्या पाच महिने आधीचा काळ पाहावा. जून १६५९. मावळातल्या देशमुखांना विजापूरहून फर्माने आली आहेत: अफजलखानाला येऊन मिळा, अन्यथा परिणाम भोगा. कारीच्या कान्होजी जेध्यांकडेही ते फर्मान आले. देशमुखाचे वतन म्हणजे नुसती जमीन नव्हे. त्यात हक्क आहेत, मानपान आहेत, गोतसभेतली जागा आहे, पूर्वजांची हाडे आहेत. ते राखायचे तर खानाकडे जावे. खानाच्या फौजेत मराठे सरदार होतेच. त्या काळातली बाजू केवळ धर्म पाहून ठरत नव्हती, हे कागदपत्रे उघडली की दिसते. कान्होजी आपल्या पाच मुलांना घेऊन शिवाजी महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. शेजारचे उत्रोळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले.

खेळाचा सारा प्राण या दोन घरांमधल्या अंतरात आहे. टेबलाभोवती पाच मुले बसली तर त्यांतल्या एकाला खोपड्यांच्या घरातले पात्र घ्यावे लागेल, आणि ते मनापासून खेळावे लागेल. त्याला आपल्या बायकामुलांचा विचार करावा लागेल, खानाची फौज दिसावी लागेल. डोंगरातल्या एका तरुण जहागीरदाराचे पुढे काय होणार हे १६५९ च्या जूनमध्ये कोणालाच ठाऊक नव्हते, हे उमजावे लागेल. खोपड्याला नुसता खलनायक केले तर जेध्यांच्या त्यागाचे वजनच नाहीसे होईल. ज्या वाटेने शहाणीसुरती माणसे गेली नसती तीच नाकारली, तर त्यात कान्होजींनी काय सोडले?

अशा खेळाला नियम कोणते लागतील याचाही विचार करता येतो. तलवारीचे आकडे लागतील, पण थोडे. वतन, कूळ, दिलेला शब्द आणि धन्याची निष्ठा यांचे आकडे अधिक लागतील आणि एक वाढले की दुसरे घटेल. पावसाळ्यात मोहीम थांबेल, शेतीचा आणि घरचा हिशेब होईल. भाऊबंदकीचा तंटा गोतसभेपुढे येईल आणि महजर लिहिला जाईल. यासाठीची सामग्री परदेशातून आणायची नाही. ‘जेधे शकावली’ लोकमान्य टिळकांनी प्रकाशात आणली. ती १९१६ साली छापली गेली. ‘जेधे करीना’ही छापील उपलब्ध आहे. मोडी कागदांचे रुमाल अजून पुरते वाचून झालेले नाहीत. महाराज स्वतः या खेळात असतील ते स्टॅफर्डच्या आर्थरसारखे, दूर राजगडावर. त्यांच्या नावापुढे आकडा नसेल.

आणि खानाच्या वधानंतरही खेळ संपणार नाही. करीन्याच्या आधारे सांगितली जाणारी हकीकत अशी, की खंडोजी खोपडे जीव वाचवत रानोमाळ फिरत होते. हैबतराव शिळिमकरांमार्फत त्यांनी कान्होजींकडे गळ घातली. कान्होजींनी भीड खर्च केली, महाराजांकडून अभय मिळवले. खोपडे दरबारात येऊ-जाऊ लागले. एके दिवशी महाराजांनी त्यांचा उजवा हात आणि डावा पाय तोडण्याचा हुकूम दिला. कान्होजी विचारायला गेले, तेव्हा महाराजांचे उत्तर असे की तुमच्या शब्दाखातर जीव राखला आहे.

टेबलावर जो मुलगा कान्होजी झाला आहे त्याने खोपड्याला अभयाचा शब्द दिला होता. समोर, फाशापलीकडे, त्याचा मित्र खोपडे होऊन बसलेला आहे. आता कान्होजीने घरी परतताना त्याला काय सांगायचे, हे त्या मुलाला स्वतःच्या शब्दांत बोलून दाखवायचे आहे.